लेखकाचे शुल्क आणि ग्रंथालयाची वर्गणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नियतकालिकाचा खर्च वाचकाने वर्गणीरूपाने उचलावा, ही रीत मराठीत जुनी आहे. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’च्या काळापासून ती चालत आली. लेखकाने शुल्क भरावे व वाचकाने विनामूल्य वाचावे, ही उलटी व्यवस्था एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस बायॉलॉजी’चे शुल्क प्रतिलेख १,५०० डॉलर होते. अशा शुल्कामुळे वर्गण्या उतरतील, ही अपेक्षा कितपत फळास आली, हे वाशीमसारख्या जिल्ह्यातील अध्यापकाच्या दृष्टीने पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२००४ मध्ये स्प्रिंगरने संमिश्र पद्धत आणली. ३,००० डॉलर भरणाऱ्या लेखकाचा लेख खुला, उर्वरित अंक वर्गणीदारांपुरता. खुल्या लेखांच्या प्रमाणात वर्गणी कमी करण्याचे आश्वासनही होते. परंतु मोठी ग्रंथालये नियतकालिके सुटी न घेता शेकडोंनी एकगठ्ठा घेतात. त्या किमतीत कोणत्या लेखाचे किती वजा झाले, हे कळण्यास मार्ग नसतो. शिवाय एक नियतकालिक दुसऱ्याचे काम करू शकत नाही. त्यामुळे स्पर्धेने भाव उतरण्याचा बाजाराचा नियम येथे लंगडा पडतो.

मुंबईचा अनुभव निराळा आहे. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या शतकाच्या आरंभी महाजालावर खुले झाले, तेही लेखकांकडून शुल्क न घेता. त्याचे प्रकाशन सांभाळणाऱ्या मुंबईच्या मेडनो संस्थेने आपल्या खुल्या नियतकालिकांच्या छापील वर्गण्या घटण्याऐवजी वाढल्याचे नमूद केले. (हीच संस्था २०११ मध्ये वॉल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाकडे गेली, हेही नोंदविले पाहिजे.)

विदर्भातील महाविद्यालयांत शुल्क आले ते वेगळ्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नती प्रकाशनांच्या गुणांशी जोडली आणि शुल्क घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळाले. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ नियतकालिकांच्या २०१८ मधील तपासणीत सुमारे ८८ टक्के निकृष्ट आढळली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे यादीतून वगळली. यांतील अनेक नियतकालिके मुळात वर्गणीवर चालत नव्हती. अध्यापकाच्या खिशातून गेलेल्या रकमेने कोणाची वर्गणी उतरणार?

आज देश दोन्ही बाजूंनी पैसे मोजतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये वर्गणीपोटी मंजूर झाले. त्याखेरीज लेखकांच्या प्रकाशन शुल्कासाठी वार्षिक १५० कोटींची तरतूद आहे. पहिला टप्पा शासकीय संस्थांचा आहे. खाजगी शिक्षणसंस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांचा मुख्य आधार अद्याप ‘एन-लिस्ट’ हाच आहे. वाशीममध्ये बसून वत्सगुल्माच्या वाकाटकांवर काम करणाऱ्या अध्यापकाला परदेशी नियतकालिकातला एखादा नवा लेख त्यात न सापडल्यास, तो मिळविण्यासाठी आजही थेट लेखकालाच पत्र लिहावे लागते.