‘अगत्य यावे’ की ‘येऊन जा रे’? मराठीत कुणाला कसं बोलवायचं?

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिकांचा पाऊस पडतो. पण ‘नुसती पत्रिका टाकली, साधा फोनही केला नाही’ म्हणून रुसणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. कारण मराठीत काय बोलावलं याइतकंच कसं बोलावलं, हेही मोजलं जातं.

आमंत्रण की निमंत्रण?

आज हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. पाणिनीच्या सूत्रात मात्र ते वेगवेगळे येतात. टीकाकारांच्या मते निमंत्रण टाळता येत नाही. उदाहरणार्थ, श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावणं. आमंत्रणात यायचं की नाही, हे पाहुण्याने ठरवायचं.

पत्रिकेची भाषा

‘आमचे येथे श्रीकृपेकरून... करण्याचे योजिले आहे. तरी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे, ही विनंती.’ इथे ‘या’ नाही, ‘यावे’ असतं आणि खाली ‘आपले नम्र’. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेत बुद्ध आणि बाबासाहेबांना वंदन असतं आणि विवाहाला अनेकदा ‘मंगल परिणय’ म्हणतात. याच औपचारिक कागदावर तळाशी घरातली चिल्लीपिल्ली लिहितात, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’

बोलण्यातलं बोलावणं

- मित्राला: ‘रविवारी घरी ये रे.’
- शेजारच्या काकूंना: ‘संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं.’
- जवळच्या नात्यात: ‘तुम्ही यायचंच, कारण सांगायचं नाही.’

शेवटच्या वाक्यातला ‘च’ म्हणजेच आग्रह. उलट ‘या एकदा घरी’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त निरोप घेणं. दिवस आणि वेळ सांगितली, तरच ते बोलावणं समजा.

चेंबूरसारख्या वस्तीत

फाळणीनंतर आलेले सिंधी, तमिळ कुटुंबं आणि मराठी माणसं इथे शेजारी राहतात. ‘गणपतीला या’ याचा अर्थ दर्शन, प्रसाद आणि थोडं बसणं, हे मराठी शेजाऱ्याला न सांगता कळतं. इतरांना ‘आरती साडेसातला, जेवूनच जायचं’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं. नाहीतर ते प्रसाद घेऊन दारातूनच परततात.

मग मेसेज कसा करावा?

पत्रिका पाठवा, पण सोबत नाव घेऊन एक ओळ लिहा: ‘मावशी, प्रत्यक्ष यायला जमलं नाही, हेच आग्रहाचं निमंत्रण समजा.’ घरातल्या मोठ्यांना मात्र फोनच करा. फॉरवर्ड केलेल्या पत्रिकेत त्यांचं नाव नसतं आणि त्यांना नेमकं तेच खटकतं.