आत्याची तंद्री



दिवाळीत पुसदला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर आत्याने नेहमीची गोळी घेतली. लहानपणापासून बघतोय, पण या वेळी विचारलंच, "आत्या, कशाची गोळी आहे ही?"

"अपस्माराची," ती म्हणाली. आमच्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला!

आम्हा पोरांना कायम सांगितलेलं, की आत्याला "तंद्री लागते". बोलताबोलता ती थांबायची, नजर एका जागी, तोंडाने काहीतरी चघळल्यासारखं, हाताने पदराशी चाळा. मिनिटभरात परत जागेवर. पडणं नाही, फेस नाही. आपल्या डोक्यात फीट म्हणजे हातपाय झाडणं आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं (ज्याचा उपयोग शून्य). त्यामुळे हे काय आहे ते कुणालाच कळलं नाही. सुरू झालं १९८४ मध्ये, ती २२ वर्षांची असताना.

पुण्याला परत आल्यावर दोन वीकएंड वाचत बसलो. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तो टेम्पोरल लोब. आठवणी, भावना, वास यांच्याशी त्याचा संबंध. तिथे विजेचा गोंधळ झाला की माणूस पडेलच असं नाही. पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटतं, नसलेला वास येतो, किंवा "हे सगळं आधी घडलंय" असं वाटतं. गंमत म्हणजे आपला 'अपस्मार' हा शब्दच मुळी स्मृती जाण्यावरून आलाय.

याची सगळ्यात गाजलेली केस लंडनची. ह्युलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी १८८८ मध्ये 'डॉक्टर झेड' नावाच्या पेशंटबद्दल लिहिलं. हा झेड स्वतः डॉक्टर होता, त्रास विशीत सुरू झालेला. एकदा पेशंट तपासतानाच त्याला झटका आला. भानावर आल्यावर बघतो तर पेशंटचं निदान लिहून झालेलं, न्यूमोनिया, आणि तेही बरोबर! लिहिल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. १८९४ मध्ये तो गेला, तेव्हा डाव्या टेम्पोरल लोबमध्ये छोटीशी इजा सापडली. त्याचं खरं नाव आर्थर मायर्स, हे मात्र १९८० मध्ये संशोधकांनी शोधून काढलं. म्हणजे लंडनच्या डॉक्टरचंही नाव झाकूनच ठेवलेलं.

आता परत पुसद. आत्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आजोबांनी ओळखीच्या वकिलांना गुपचूप विचारलं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने एक अट आली होती: वधू किंवा वराला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. वेड आणि अपस्मार, एकाच ओळीत! अट मोडली तर दुसऱ्या बाजूच्या अर्जावरून कोर्ट लग्न रद्द करू शकत असे. आजोबांनी स्थळं बघणं थांबवलं. लोकांना सांगायचे, "पोरीले शिकवायची हौस आहे." आत्या शाळेत शिकवू लागली.

नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं ते थेट १९८७ मध्ये. पहिला ईईजी नॉर्मल आला. आमच्या भाषेत इंटरमिटंट बग, बघायला बसलं की रिप्रोड्यूस होत नाही. झोपेत काढलेल्या दुसऱ्या ईईजीत सापडला. गोळी सुरू झाली आणि वर्षभरात तंद्री जवळजवळ थांबली. तीन वर्षं उशीर झाला तो आजार लपवण्यामुळे.

कायद्यातला 'अपस्मार' हा शब्द निघाला १९९९ मध्ये. त्यासाठी इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने बरीच वर्षं पाठपुरावा केला. ही संस्था १९७० मध्ये मुंबईत सुरू झालेली. आणि २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्याच खंडपीठाने, बायकोच्या अपस्मारावरून घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याला नकार दिला. हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, असं कोर्टाने म्हटलं.

हे सगळं फोनवर आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "९९ साली मी ३७ ची होते रे बाबू. कुणी सांगितलंच नाही."

मी काय बोलणार...

असो. तुमच्याही घरात कुणी 'तंद्रीवालं' असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. झटका चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला तर त्यांना फार मदत होते. आणि घरात त्या आजाराचं नाव मोठ्याने घ्या.