टाळ-मृदंगाचा नाताळ

नगर जिल्ह्यातल्या खेड्यात नाताळचं कीर्तन असतं, असं सांगितलं की पुण्या-मुंबईचा माणूस थबकतो. कीर्तन म्हणजे विठोबाचं, रामाचं, अशी त्याची पक्की समजूत. इथं मात्र कीर्तनकार चिपळ्या घेऊन उभा राहतो तो ख्रिस्ती देवळापुढे. मागे टाळकरी, एका अंगाला मृदंग, दुसऱ्या अंगाला पेटी. पूर्वरंगात नमन आणि पवित्र शास्त्रातल्या एखाद्या वचनावर निरूपण, उत्तररंगात येशूजन्माचं आख्यान. पद आलं की श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात. या रीतीला आता दीडशे वर्षं होऊन गेली, आणि तिचं माहेर नगरच आहे.

अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरात ठाणं मांडलं १८३१ साली. शाळा निघाल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. उपासनेत मात्र बरीचशी गीतं भाषांतरित, आणि चालीही परदेशीच. शब्द मराठी असले तरी नांगर धरणाऱ्या माणसाच्या गळ्यात ते सूर बसेनात. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी ही अडचण मुळातूनच सोडवली. नारदीय कीर्तनाचा घाट त्यांनी उचलला आणि साकी, दिंडी, ओवी, अभंगांत पवित्र शास्त्रातल्या कथा बसवल्या. उधळ्या पुत्राचं आख्यान, योसेफाचं आख्यान, ख्रिस्तजन्माचं आख्यान. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही रात्रभरात अख्खी कथा पाठ होऊ लागली.

पण रीत टिकते ती ती उचलणाऱ्या लोकांमुळे. नगरच्या खेड्यांतले ख्रिस्ती बहुतेक महार-मांग समाजातले. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर तर ही संख्या झपाट्यानं वाढली. गावच्या देवळात कीर्तन चालायचं तेव्हा ही माणसं लांब अंधारात उभी राहून ऐकायची. मंडपात पाय ठेवायची सोय नव्हती. वाजवायला मात्र बोलावणं त्यांनाच: मांगवाड्यातल्या हलगी-सनईवाचून गावात ना लग्न लागायचं ना जत्रा भरायची. गळा होता, ठेका होता, पाठांतर होतं. उभं राहायला जागा नव्हती. ख्रिस्ती देवळात ती मिळाली. ज्याचा बाप बाहेरून कान देऊन ऐकत होता, तो स्वतः मधोमध उभा राहून आख्यान लावू लागला. नगरी ख्रिस्ती सणांचं मूळ मला इथं दिसतं. मिशनच्या धोरणापेक्षा या माणसांच्या आतल्या ओढीनं ते घडवलं, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय येशूजन्माची कथाही इथल्या मातीला फार जवळची. नगर-सोलापूर रस्त्यावरचं कर्जत तालुक्यातलं मिरजगाव घ्या. सगळा पावसानं चुकवलेला मुलूख. सुगी झालेल्या रानात धनगरांचा वाडा उतरतो, वाघरीत मेंढरं कोंडली जातात, खतासाठी शेतकरी ती आपल्याच वावरात बसवून घेतो. रात्रभर कुत्री आणि एखादा जागा माणूस. रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत दिसला, हे लूकच्या शुभवर्तमानातलं वर्णन अशा गावात समजावून सांगावं लागत नाही. बाळाला गव्हाणीत निजवलं म्हटलं की कडब्याचा वास येतो. आणि दिवस भरत आलेली बाई घेऊन परमुलखात निघालेलं बिऱ्हाड? कर्जत, जामखेड, पाथर्डीकडून दर वर्षी ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या बिऱ्हाडांत अशा बाया असतातच. नावनोंदणीसाठी निघालेल्या योसेफ-मरियेची पायपीट सांगताना कीर्तनकाराला बेथलेहेमपर्यंत जावंच लागत नाही.

मराठीत ख्रिस्तकथा ओवीबद्ध करण्याचा पहिला मोठा मान अर्थात फादर थॉमस स्टीफन्स यांचा. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापलं गेलं आणि तिथल्या देवळांत सणावारी वाचलं जाई. पण ते छापलं होतं रोमन लिपीत. देवनागरीतली छापील आवृत्ती १९५६ ची, शांताराम बंडेलूंनी काढलेली. नगरच्या कीर्तनकारांपुढे ते पुस्तक नव्हतं. त्यांच्यापुढे होती ती गावची चालती परंपरा. तीच वाट पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुंद केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नगरला स्थिरावले आणि अभंगाला त्यांनी ख्रिस्ती उपासनेची भाषा केलं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

जिल्ह्याच्या उत्तरेला कॅथलिकांनी कीर्तनाऐवजी यात्रा उचलली. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आलं, ऊस आला, श्रीरामपूरजवळ हरेगावला साखर कारखाना उभा राहिला, आणि कामासाठी ठिकठिकाणची ख्रिस्ती कुटुंबं तिथं गोळा झाली. १९४९ साली फादर गेरार्ड बाडर यांनी तिथं मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा सुरू केली. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा. त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आणि त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी यात्रा. ओळखीच्या कोणत्याही जत्रेत जे असतं ते सगळं इथं असतं: नवस बोलायचा, फेडायचा, लेकराला माउलीच्या पायावर घालायचं, हार आणि मेणबत्ती वाहायची, मग पाळण्यात बसायचं, बांगड्या भरायच्या. नवसाला येणाऱ्यांत हिंदू घरंही पुष्कळ. कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही.

नाताळच्या फराळाला करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू. दारात उंच बांबूवर कागदाची चांदणी. आठवड्यापूर्वीच भाजणीचा वास आळीभर सुटतो आणि ताटं शेजारच्या घरांत जातात, जशी दिवाळीला तिकडून इकडे आलेली असतात.

मला काळजी वाटते ती कीर्तनाची. आता कीबोर्ड आणि ध्वनिवर्धक आले, तासाभरात कार्यक्रम उरकायचा असतो. साकी-दिंडीच्या चाली गाणारे गळे थकत चालले. जुन्या कीर्तनकारांच्या घरात आख्यानांच्या हस्तलिखित वह्या असतील, कुठे माळ्यावर, कुठे पेटीच्या खोक्यात. त्या रद्दीत जाण्याआधी कोणी तरी गावोगाव जाऊन त्यांची छायाचित्रं घ्यावीत, आणि जे अजून गातात त्यांच्याकडून एकेक आख्यान पूर्वरंगापासून शेवटच्या पदापर्यंत चालीसकट ध्वनिमुद्रित करून घ्यावं. चाल वहीत सापडत नाही, ती माणसाबरोबरच जाते. येत्या नाताळातच हे काम सुरू व्हायला हवं.