पाच रुपयांचा पुडा आणि पोरांचं वजन : शाळेजवळच्या दुकानांबद्दल पालकांनी काय माहीत करून घ्यावं?

फुलंब्री : शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर गावातल्या किराणा दुकानासमोर पोरांची गर्दी ठरलेली असते. फुलंब्री शहर असो की वडोद बाजार, पाल, आळंद, बाबरा, गणोरी. दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा सगळीकडे सारख्याच. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-वडील भल्या सकाळी शेतात जातात. डबा करायला वेळ नसतो, मग पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली जाते. ती नोट कुठं जाते, हे सांगायला नको.

या खाण्यानं पोरं जाड होतात का, असं पालक विचारतात. काही होतात. पण आपल्याकडे त्याच पुड्यामुळे बरीच पोरं बारीकही राहतात. ही दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21) नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 36.1 टक्के बालकांचं वजन वयाच्या मानानं कमी आहे. 35.2 टक्के बालकांची उंची खुंटलेली आहे. 6 महिने ते 5 वर्षं वयाच्या 68.9 टक्के बालकांत रक्त कमी आहे. त्याच पाहणीत जास्त वजनाची बालकं 4.1 टक्के निघाली. 2015-16 च्या पाहणीत हा आकडा 1.9 टक्के होता. म्हणजे कुपोषण हटलेलं नाही आणि लठ्ठपणा मात्र दुपटीनं वाढला आहे.

खर्चाचंही तसंच. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या मासिक खर्चात धान्याचा वाटा 4.91 टक्के होता, तर पेयं, बाहेरचं खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा 9.62 टक्के. यात चहापाणी आणि हॉटेलचं जेवणही धरलेलं आहे आणि रेशनचं फुकट धान्य धरलेलं नाही. तरीही गावातला पैसा कुठं वळतोय, ते यातून कळतं.

पुड्यात असतं काय?

पाकिटाच्या मागच्या तक्त्यावर तळलेल्या चटपटीत पुड्याला 100 ग्रॅममागे साधारण 550 कॅलरी लिहिलेल्या असतात. पुडा 20 ग्रॅमचा धरला, तर दोन पुड्यांत 220 कॅलरी झाल्या. सोबत 200 मिलीची थंड पेयाची बाटली घेतली आणि तिच्यावर 100 मिलीला 11 ग्रॅम साखर लिहिलेली असली, तर पोटात 22 ग्रॅम साखर गेली. ही साखर चार-पाच चमचे होते आणि तिच्या कॅलरी नव्वदच्या आसपास. एकूण तीनशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम.

आता शाळेतल्या पोषण आहाराशी तुलना करा. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. पुड्यानं भूक मेलेलं पोर दुपारी खिचडी अर्धी टाकतं आणि घरी आल्यावर भाकरी-वरणाला नको म्हणतं. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

ज्या पोराला घरचं जेवण पुरेसं मिळतं, त्याच्या अंगावर या वरच्या कॅलरी चरबी म्हणून चढतात. ज्याचं घरचं जेवणच तोकडं, त्याच्या बाबतीत पुडा जेवणाची जागा घेतो आणि वजन, उंची, रक्त सगळंच मागं राहतं. दुकान एकच, माल एकच, परिणाम मात्र दोन.

बारीक दिसतं म्हणून बेफिकीर राहू नका

1993 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी होती, पण त्वचेखालची चरबी तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. काट्यावर हलकं आणि आतून चरबीचं, असं हे शरीर. अशा शरीरात पुढं वजन झपाट्यानं वाढलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून ‘आमचं पोर तर काडीसारखं आहे, त्याला काय होतंय’ हे म्हणणं खरं नाही.

दोष दुकानाचाच का?

दुकान जवळ असलं की मुलाचं वजन वाढतंच, असं सरळ गणित नाही. जगभरात यावर अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्र दुकानात मूल काय घेतं, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात चौथी ते सहावीच्या 833 मुलांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या वाटेवरच्या छोट्या दुकानांत मुलं एका वेळी साधारण एक डॉलर खर्चून सुमारे 350 कॅलरींचा खाऊ घेत होती. त्यात वेफर्स, गोळ्या आणि गोड पेयं सगळ्यात पुढं. गाव वेगळं, पोरांची सवय तीच.

दुकानदाराचीही अडचण आहे. पुडा नासत नाही, माल दारात येतो आणि लगेच खपतो. केळी दोन दिवसांत काळी पडतात. शिवाय हाच दुकानदार अडीनडीला उधारीवर तेल-मीठ देतो. त्याच्याशी भांडून काही साधत नाही, बोलून साधतं.

नियम काय आहे?

8 मे 2017 च्या शासन निर्णयानं राज्यातल्या शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर असे पदार्थ विकायला मनाई केली. त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं 2020 मध्ये देशभरासाठी नियम काढले. त्यानुसार जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. तिथं त्यांची जाहिरातही चालत नाही. 50 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 65-70 पावलं. आपल्या शाळेच्या फाटकापासून एकदा मोजून बघा.

कोणी काय करावं?

पालक :
– रोज पैसे देण्याऐवजी आठवड्यातला एक दिवस खाऊचा ठरवा.
– रात्रीच मूठभर शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा दप्तरात टाका. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात.
– शाळा सुटल्यावरची भूक खरी असते. घरात झाकून ठेवलेली भाकरी, उकडलेलं अंडं किंवा केळं असलं तर पोर दुकानाकडे वळत नाही.
– पोराला ‘जाड्या’, ‘काडी’ असं चिडवू नका आणि उपाशीही ठेवू नका.

दुकानदार :
– समोरच्या, पोरांच्या नजरेच्या उंचीवर चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, शेंगा ठेवा. हंगामात पेरू, बोरं, उकडलेली मक्याची कणसं ठेवा. पुडे मागं सरकवा.
– सुटे पैसे नसले तर बदल्यात गोळ्या देऊ नका.

शाळा आणि ग्रामपंचायत :
– शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत 50 मीटरचा विषय घ्या. दुकानदारालाही बोलवा.
– पोषण आहार वेळेवर आणि चवीचा मिळतो का, हे समितीनं स्वतः खाऊन पाहावं. दुपारचं जेवण चांगलं असेल तर दुकानाची ओढ आपोआप कमी होते.

वजन कुठं बघायचं?

सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन-उंची अंगणवाडीत नोंदवतात. वाढीचा तक्ता सेविकेकडे मागून बघा. शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं. एकट्या वजनावरून काही ठरवू नका. वय, उंची आणि वजन तिन्ही एकत्र बघावं लागतं. सहा महिन्यांत वजन जागेवरच थांबलं, किंवा उंची न वाढता वजनच वाढत गेलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

मुदत संपलेला किंवा बिननावाचा खाऊ विकला जात असेल, तर पाकीट जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पाकिटावर 14 अंकी परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख आणि मुदत असलीच पाहिजे. हे तिन्ही वाचायला पोरांनाच शिकवा, कारण दुकानात तुम्ही नसता, तेच असतात.