तळाच्या क्रमांकाची शिकवण

कोल्हापुरांत तालीम म्हटली कीं लाल माती डोळ्यांपुढें येते. परंतु पाटाकडील, दिलबहार या तालमींचीं नांवें फुटबॉलनेंही गाजलीं आहेत. याच नगरींतील अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळला. भारत तिन्ही सामने हरला. लगेच त्यांतील बऱ्याच मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ राष्ट्रीय आय-लीगमध्यें प्रौढ व्यावसायिकांसमोर उभा राहिला. २९ नोव्हेंबर रोजीं गोव्यांत पहिल्याच सामन्यांत त्यानें चेन्नई सिटीला ३-० असें नमविलें. दोन गोल अनिकेतचे होते!

पुढें मात्र अठरा सामन्यांअंतीं पदरीं अवघे १५ गुण पडले. विजेत्या मिनर्व्हा पंजाबचे ३५. दहा संघांत क्रमांक दहावा. म्हणजे नापासच कीं, असें कोणी म्हणेल. जन्मभर गुणपत्रकें लिहिलेला मी मात्र तसें म्हणणार नाहीं. वस्ताद पोराला थोरांशींच झुंजवितो. पाठीला माती लागल्यावांचून डाव उमगत नाहीं. तळाला राहूनही या संघास खालच्या श्रेणींत ढकलावयाचें नाहीं, ही सवलत त्यासाठींच होती. त्यांतलाच जॅक्सन सिंग पुढें भारताच्या वरिष्ठ संघांत खेळला. अनिकेत जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्यें उतरला. तेव्हां मुलांचें गुणपत्रक हातीं येतांच कपाळाला आठी घालण्यापूर्वीं, त्यांची झुंज कोणाशीं होती, एवढें अवश्य विचारावें.