उसनं स्कॉटलंड, शिकागोचं कुंपण

फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि शिकागोच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर व्हीटन नावाचं उपनगर शोधा. त्याच्या दक्षिणेला नेपरव्हिल आहे, तिथे आयटीतली बरीच मराठी मंडळी सापडतील. व्हीटनच्या दक्षिण टोकाला घरांच्या गर्दीत एक मोठा हिरवा तुकडा दिसेल. झूम केलंत की त्यातली काही ग्रीन्स, म्हणजे झेंडा रोवलेल्या गुळगुळीत हिरवळी, चक्क चौकोनी दिसतात. हा शिकागो गोल्फ क्लब. बहुतेकांना तो असाच, आभाळातून, बघावा लागतो. आत खेळायचं तर सदस्याचं बोट धरून जावं लागतं.

गोष्ट सुरू होते चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड या माणसापासून. १८७२ मध्ये घरच्यांनी त्याला शिकायला आजोबांकडे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पाठवलं. तिथे शिक्षण किती झालं ते सोडा, गोल्फ भरपूर झालं. १८७४ मध्ये शिकागोला परतला तर इथे हा खेळ कुणाच्या गावीही नव्हता. पुढची अठराएक वर्षं त्याने जवळजवळ कोरडी काढली. मग १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाची तयारी सुरू झाली, त्यानिमित्ताने ब्रिटिश पाहुणे शहरात आले, त्यांना खेळायला जागा हवी होती आणि मॅकडॉनल्डला निमित्त मिळालं. १८९३ मध्ये बेलमाँटला त्याने अमेरिकेतलं पहिलं १८ होलचं मैदान उभं केलं. १८९५ मध्ये क्लब व्हीटनला हलला. मॅकडॉनल्डचा चेंडू नेहमी उजवीकडे वळायचा, म्हणून त्याने मैदान घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं, असं सांगतात. त्याचा चुकलेला फटका मैदानातच पडायचा. डावीकडे चुकणाऱ्याचा चेंडू मात्र सरळ मक्याच्या शेतात. स्वतःच्या बगला फीचर म्हणून शिप करणं यालाच म्हणतात.

पण त्याची खरी कामगिरी वेगळी. ब्रिटनमधली उत्तम होल्स कशामुळे उत्तम आहेत, हे त्याने शोधून काढलं आणि त्यांचे साचे बनवले. आमच्या धंद्यात याला डिझाइन पॅटर्न म्हणतात. ‘रेडॅन’ घ्या. मूळ स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचं, नाव क्रायमियन युद्धातल्या तटबंदीवरून आलेलं. ग्रीन समोर सरळ नसतं, तिरकं ठेवलेलं असतं. पुढच्या डाव्या बाजूला वाळूचा खोल खड्डा, आणि जमीन उजवीकडून मागे डावीकडे उतरत जाते. झेंड्यावर थेट नेम धरलात तर खड्डा ओलांडूनही चेंडू उतारावर थांबवायचा कसा हा प्रश्न. शहाणा खेळाडू उजवीकडे चेंडू टाकतो आणि बाकीचं काम जमिनीवर सोपवतो. ताकद कमी असली तरी चालतं, जमीन वाचता आली पाहिजे. ‘बिआरिट्झ’ या साच्यात ग्रीनला आडवा छेदणारी खोल पन्हळ असते. मॅकडॉनल्डने हे साचे अमेरिकेत रुजवले आणि त्यांची अंमलबजावणी सेथ रेनर नावाच्या सिव्हिल इंजिनिअरकडे आली. रेनर मुळात सर्व्हेअर, गोल्फपटू नव्हताच. शिकागोच्या मैदानाचं सध्याचं रूप त्याचं, १९२३ मधलं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत वाऱ्याने हजारो वर्षं घडवलेले आकार त्याने प्रेअरीच्या सपाट जमिनीवर माती हलवून, कडा काटकोनात कापून उभे केले. चौकोनी ग्रीन्सचं रहस्य हे. तिसरं होल बिआरिट्झ, सातवं रेडॅन.

आता गंमत बघा. ज्या सेंट अँड्र्यूजमधून मॅकडॉनल्ड हे सगळं शिकून आला, तिथलं ओल्ड कोर्स गावाच्या सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी तिथे सहसा गोल्फ नसतं, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. अमेरिकेत कोड जसाच्या तसा कॉपी झाला, लायसन्स मात्र बदललं. मान्य करायला जिवावर येतं, पण रेनरचं काम इतकं शाबूत राहिलं ते या बंद दारामुळेच. १९११ नंतर इथे यूएस ओपन झाली नाही, त्यामुळे दरवेळी मैदान लांबवा, खड्डे सरकवा असा तगादाही फारसा आला नाही.

कुंपणाची किंमत कुणी मोजली, हे बघायला शहराच्या दुसऱ्या टोकांना जावं लागतं. शिकागोच्या बड्या क्लबांची दारं ज्यूंना बंद होती, तेव्हा त्यांनी स्वतःचे क्लब काढले. होमवुडचा १९०१ चा रॅव्हिस्लो त्यातला एक. त्याचं मैदान डोनाल्ड रॉस या दुसऱ्या दिग्गजाच्या हातचं. कृष्णवर्णीयांना तर तेवढीही सोय नव्हती. व्यावसायिक खेळाडूंच्या पीजीए या संघटनेच्या घटनेतच सदस्यत्व गोऱ्यांपुरतं असल्याचं कलम होतं, ते १९६१ मध्ये निघालं.

मिशिगन सरोवराकाठचा साउथ शोअर कंट्री क्लबही याच वळणाचा. ना ज्यू, ना कृष्णवर्णीय. आजूबाजूची वस्ती बदलत गेली, गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली आणि भोवती कृष्णवर्णीय मध्यमवर्ग राहायला आला. क्लबकडे सरळ उपाय होता: दार उघडायचं. त्यांनी ते उघडलं नाही. सदस्य आटत गेले आणि सत्तरच्या दशकात क्लबच बंद पडला. जागा शहराच्या पार्क डिस्ट्रिक्टने विकत घेतली. ती पाडायचं घाटत होतं, तेव्हा आसपासचे रहिवासी, म्हणजे ज्यांना पूर्वी फाटकातच अडवलं असतं तेच लोक, ती वाचवायला उभे राहिले.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच वास्तूत शिकागोतल्या एका तरुण वकील जोडप्याच्या लग्नाचं रिसेप्शन झालं. वधू याच साउथ शोअर भागात वाढलेली. बराक आणि मिशेल ओबामा. नऊ होलचं तिथलं मैदान आता शहराचं आहे. फी भरली की कुणीही खेळावं. रॅव्हिस्लोही २००९ पासून सर्वांना खुलं आहे.