देवतांचीं मुखें कोणाचीं?

अठराव्या शतकांत युरोपीय चित्रकारांमध्यें एक रीति रूढ होती. एखाद्या नामांकित स्त्रीचें चित्र काढावयाचें झाल्यास तिला ग्रीक पुराणांतील देवतेचा वेष देत. जॉर्ज रोम्नीनें एमा हार्टला मायाविनी सर्सीच्या रूपांत रंगविलें. सर जोशुआ रेनॉल्ड्झनें १७८४ मध्यें नटी सेरा सिडन्स हिला शोकनाट्याची कलादेवता करून सिंहासनावर बसविलें. पाहणारास व्यक्ति तत्काळ ओळखूं येई. देवता हा केवळ तिचा अलंकार. ही रीति आमच्याकडे आली ती मात्र उलटी होऊन आली, आणि त्या उलटण्याच्या इतिहासांत घाटकोपरचाही वांटा आहे.

१८५७ मध्यें मुंबईंत सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृति समोर ठेवून हात बसवीत. त्याच शाळेच्या गणपतराव म्हात्र्यांनीं १८९६ मध्यें 'मंदिरपथगामिनी' घडविली. देवदर्शनास निघालेली ही तरुणी अस्सल महाराष्ट्रीय आहे. परंतु तिच्या लुगड्याच्या चुण्यांतून अंगाचा डौल जसा प्रकट होतो, तो ग्रीक शिल्पाची आठवण करून देतो. सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या पंडितानेंही तिची मुक्तकंठानें स्तुति केली.

रविवर्म्यांनीं याच्याही पुढचें पाऊल टाकलें. १८४८ मध्यें किळिमानूर येथें जन्मलेल्या या चित्रकारानें सयाजीराव गायकवाडांसाठीं पौराणिक विषयांवर १४ चित्रें काढलीं. परंतु राजवाड्यांतील चित्र सामान्य माणसास कोठून दिसणार? म्हणून १८९४ मध्यें त्यांनीं बंधु सी. राजवर्मा यांच्या साहाय्यानें मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. तो कांहीं काळ घाटकोपर येथें होता. यंत्रें जर्मन, कारागीरही जर्मन. प्रत्येक रंगाची शिळा निराळी. एकाच कागदावर रंगावर रंग चढवीत जावयाचें, आणि एक शिळा केसभर सरकली तरी देवीचा ओंठ गालावर उमटावयाचा! पुढें प्लेगाच्या दिवसांत कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, व नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानें तो विकत घेतला.

या छापांनीं लक्ष्मी-सरस्वतींस साडी नेसविली आणि घरोघरीं पोंचविलें. ज्यांस देवळाची पायरी चढण्याची बंदी होती, ज्यांना १९३० मध्यें काळाराम मंदिराच्या दारांत सत्याग्रह करावा लागला, त्यांच्याही भिंतीवर देव येऊं शकला. पाश्चात्त्य अनुकरणाचा जो दोष टीकाकारांनीं रविवर्म्यांस दिला तो निराधार नव्हे. पण हें पुण्यही त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्न. हीं मुखें कल्पनेंतून उतरलेलीं नव्हतीं; समोर बसलेल्या जिवंत स्त्रियांवरून तीं घेतलीं होतीं. त्या काळीं कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रिया अशा कामास सहसा बसत नसत. बसल्या त्या बहुधा गाणें-बजावणें हाच ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय, अशा घराण्यांतील. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांनीं रविवर्म्यांच्या चित्रांस रूप दिलें असें सांगतात. १९५८ मध्यें संगीत नाटक अकादमीनें त्यांस फेलोशिप दिली. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांनीं त्यांच्याजवळ विद्या घेतली. अंजनीबाईंचें नांव राहिलें तें त्यांच्या कंठामुळें. ज्यांच्यापाशीं रूपावांचून जगाला दाखविण्याजोगें कांहीं नव्हतें, त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं?

रेनॉल्ड्झच्या चित्रांत देवता लोपते व सिडन्स उरते. आमच्या छापांत देवता उरते व स्त्री लोपते. ज्या घरांनीं त्या मुखापुढें रोज सांजवात लावली, त्यांपैकीं कितींनीं त्या मुखाच्या धनिणीस हळदीकुंकवास बोलाविलें असतें? भक्तीस सौंदर्य हवें होतें. त्या सौंदर्याची सोयरीक मात्र नको होती. आमच्या कलेचा इतिहास लिहितांना चित्रकारांच्या नांवांबरोबर हा हिशेबही मांडला पाहिजे. तो मांडल्यानें देवतेचें तेज उणें होईल असें आम्हांस वाटत नाहीं.